नाकेदाराची दैनंदिनी

मे महिन्यात भल्या सकाळी पाणवठ्यावर पोचलं, की नवखा माणूस ओल्या मातीत वाघाचा ठसा शोधतो. वनरक्षक आधी पाण्याकडे बघतो. पाण्यावर निवळ्या, म्हणजे ते पाणकिडे, फिरताहेत का? काठाचा बेडूक चाहूल लागताच टुणकन आत जातो का? मधमाश्या पाणी पीत बसल्या आहेत का? आजूबाजूला एखादा होला, एखादा बुलबुल मरून पडलेला तर नाही? पाण्यात युरिया किंवा कीटकनाशक कालवून जनावर मारण्याची युक्ती जुनी आहे, आणि कापसाच्या मुलखात कीटकनाशकाचा डबा शोधायला लांब जावं लागत नाही. निवळ्या दिसल्या की निम्मी काळजी मिटते. तरीही खिशातली कागदी पट्टी पाण्यात बुडवून तिचा रंग बघायचा, वेळ लिहायची, पाणी किती उरलं ते लिहायचं. ठशांची पाळी त्यानंतर.

हा पाणवठा यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगाव तालुक्यातला आहे असं धरू. उत्तरेला वर्धा नदी आणि तिच्या पलीकडे चंद्रपूर जिल्हा. पूर्वेला वणी आणि तिथल्या कोळशाच्या खाणी. एका बाजूला झरी जामणी, दुसऱ्या बाजूला पांढरकवडा, आणि त्याच्याही पुढे तेलंगणाच्या सीमेला टेकलेलं १४८.६३ चौरस किलोमीटरचं टिपेश्वर अभयारण्य. मारेगावचं जंगल स्वतः अभयारण्य नाही. ते पांढरकवडा वनविभागातलं एक परिक्षेत्र आहे: साग, धावडा, तेंदू, मोह, पळस, मधेमधे काळी शेतं, कोलाम आदिवासींच्या वस्त्या म्हणजे पोड, कपाशी, तूर, सोयाबीन. पर्यटकांची जिप्सी इथे फिरत नाही. वाघ मात्र फिरतो, कारण टिपेश्वरात जागा न उरलेल्या तरुण वाघाला वनविभागाचे नकाशे वाचता येत नाहीत.

वाळवंट म्हणावं असं या भागात काही नाही. पाऊस चांगला पडतो. पण मार्च उजाडला की साग पानं टाकतो, नाले आटतात, सावली नावाची गोष्ट उरत नाही, आणि पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. एप्रिल-मे या दोन महिन्यांत हे जंगल वाळवंटाच्याच नियमांनी चालतं. पाणी कुठे आहे यावरून कोण कुठे आहे ते ठरतं. अशा जंगलात विशी-पंचविशीतलं एखादं पोर नोकरीला लागतं तेव्हा ते नेमकं काय करतं, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. लोकांची समजूत अशी, की ते वाघ राखतं. खरं तर त्याच्या दिवसाचा मोठा भाग पाणी, गवत आणि वाळका पाला यांत जातो, आणि उरलेला लिहिण्यात.

या पदाला सरकारी भाषेत वनरक्षक म्हणतात. गावात ‘गार्ड’ चालतं. जुनी माणसं अजून ‘नाकेदार’ म्हणतात. जंगलाची सरकारी उतरंड वरून खाली अशी येते: विभाग, परिक्षेत्र, वर्तुळ आणि सगळ्यात शेवटी बीट, म्हणजे नियतक्षेत्र. विभाग उपवनसंरक्षकाचा, परिक्षेत्र आरएफओ साहेबांचं, वर्तुळ वनपालाचं, बीट वनरक्षकाचं. त्याच्याही खाली वनमजूर, बहुतेक वेळा रोजंदारीवर, बहुतेक वेळा त्याच भागातला, आणि बहुतेक वेळा बीटातली प्रत्येक वाट ठाऊक असलेला. ही शेवटची गोष्ट कुठल्याही तक्त्यात नसते.

२०२३ मध्ये राज्यात वनरक्षकाच्या २१३८ जागांची भरती निघाली होती. शिक्षण बारावी, मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून. लेखी परीक्षा होते, आणि धावणंही: पुरुषांना ५ किलोमीटर, महिलांना ३. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीच्या रस्त्यांवर पहाटे घोळक्याने धावणारी पोरं-पोरी दिसतात त्यांतली निम्मी पोलीस भरतीची, निम्मी ‘फॉरेस्ट’ची. धावून नोकरी मिळते. नोकरीत मात्र धावण्याचं काम क्वचित पडतं. चालण्याचं रोज पडतं.

आपल्या लेखातल्या वनरक्षकाला आपण ‘ती’ म्हणू. आता खात्यात मुली भरपूर आहेत. तिला मारेगावकडे बीट मिळालं. पहिल्या उन्हाळ्यात ती काय शिकली असेल?

पहिली गोष्ट आग. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. त्याची तयारी थंडीतच सुरू होते. जंगलात ठरलेल्या पट्ट्यांवरचं गवत-झुडूप कापायचं, वाळू द्यायचं आणि हंगाम सुरू व्हायच्या आत ते स्वतःच, राखणीखाली, जाळून टाकायचं. या पट्ट्यांना जाळरेषा म्हणतात. पुढे आग आलीच तर जाळरेषेपाशी तिला खायला काही मिळत नाही आणि ती थांबते. निदान तशी अपेक्षा असते. सागाची पानं ताटाएवढी, वाळली की पापडासारखी कडक, आणि वाऱ्याने उडत राहणारी. आज साफ केलेली रेषा चार दिवसांत पुन्हा पानांनी भरते. म्हणून मार्चभर पाठीला ब्लोअर लावून किंवा हातात झाडू घेऊन तीच रेषा पुन्हा पुन्हा झाडावी लागते. बारावी विज्ञान शिकून, धावून, परीक्षा देऊन मिळालेल्या नोकरीत पहिला महिना जंगल झाडण्यात जातो, आणि हे घरी सांगताना तिला थोडं हसूही येतं.

आता आग लागल्याची बातमी आभाळातून येते. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांनी टिपलेले उष्ण ठिपके अक्षांश-रेखांशासह थेट मोबाइलवर पाठवते. जुन्या मोडिस संवेदकाचा एक ठिपका साधारण एका किलोमीटरचा. त्यानंतरच्या व्हीआयआयआरएस संवेदकाचा ३७५ मीटरचा. पण उपग्रहाला आग दिसते, आगीचं कारण दिसत नाही. उन्हाळ्यात इकडचे शेतकरी कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर ढीग लावतात आणि पेटवतात. तो ढीग जंगलाच्या कडेला असला, की तिच्या फोनवर संदेश आलाच. मग दुचाकी काढा, निम्मी वाट चाला, आणि बघा: वणवा की पऱ्हाट्या. जे असेल ते परत कळवायचं. उपग्रहाच्या नकाशावरचा ठिपका खरा की खोटा, हे शेवटी तिथे पोचलेल्या दोन पायांनी ठरतं.

खरा वणवा असला तर तो बहुधा मोहाच्या झाडाखालून निघालेला असतो. मोहफुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. पिवळट फूल वाळक्या पानांत दिसत नाही, म्हणून झाडाखालचा पाला पेटवून जमीन मोकळी करायची, ही जुनी सवय. एका झाडाखालची आग विझवायची राहिली की ती डोंगर चढते. तेंदूपत्त्याचंही तसंच, आगीनंतर फूट चांगली येते असा समज आहे, आणि एप्रिल-मेच्या त्या हंगामावर कित्येक घरांचं वर्ष चालतं. सत्तर पानांचं एक पुडकं, हजार पुडक्यांचं एक पोतं. उन्हात वाकून पानं तोडणाऱ्या बाईला ‘वणवा लावणं हा गुन्हा आहे’ असा फलक दाखवून फार काही होत नाही, असं माझं मत आहे. कायदा आहेच, १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम २६ राखीव जंगलात आग लावणाऱ्याला शिक्षा सांगतं. पण कुठल्या मोहाखाली कुठल्या घरची माणसं फुलं वेचतात, हे ज्या वनरक्षकाला माहीत आहे, ती हंगामाआधी त्या घरी जाऊन म्हणू शकते, ‘आजी, यंदा खराट्याने झाडा, मी दोन मजूर देते.’ दोन मजूर आणि दोन खराटे. फलकापेक्षा ते स्वस्त पडतं.

दुसरी गोष्ट गवत, आणि इथे मला थोडं लांब जायचं आहे.

अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात टुसॉन शहराच्या दोन्ही अंगांना सग्वारो नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. सग्वारो म्हणजे हात वर करून उभ्या माणसासारखा दिसणारा तो उंच निवडुंग. दीडशे वर्षं सहज जगतो. तिकडे उद्यानांमध्ये हंगामी कामाला तरुणांना घेण्याची रीत जुनी. १९३३ ते १९४२ या मंदीच्या काळात तीसेक लाख तरुणांनी झाडं लावणं, वाटा बांधणं, आगी विझवणं अशी कामं केली. १९५७ पासून स्टुडंट कन्झर्व्हेशन असोसिएशन ही संस्था विद्यार्थ्यांना उद्यानांत पाठवते. सग्वारोच्या रखरखीत टेकड्यांवर अशा पोरांच्या वाट्याला येणारं एक मोठं काम म्हणजे पहारीने एक गवत उपटणं. इंग्रजीत त्याला बफेल म्हणतात. १९३० च्या दशकापासून ते तिकडे चाऱ्यासाठी पेरलं गेलं आणि मग हाताबाहेर गेलं. सग्वारोच्या वाळवंटात झाडाझाडांमध्ये उघडी जमीन असते, म्हणून तिथे आग पसरत नाही आणि निवडुंगाला आगीची सवय नाही. बफेलने ती मोकळी जमीन भरून टाकली, आगीला पूल मिळाला, आणि शतकभर उभे असलेले सग्वारो भाजून निघायला लागले.

तेच गवत आपल्याकडे राजस्थान-गुजरातेत अंजन किंवा धामण या नावाने गुराढोरांचा मानाचा चारा आहे. (विदर्भात अंजन म्हटलं की आपल्याला झाड आठवतं, हे वेगळं.) आपण जे पेरावं म्हणतो ते तिकडे उपटतात. आणि आपल्या बीटावरची ती काय उपटते? घाणेरी. विदर्भात हिला रायमुनियाही म्हणतात. मूळ अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणलेली. रानतुळस. तीही अमेरिकेतली. गाजरगवत, तेही तिकडचंच. विलायती बाभूळ, मेक्सिकोकडची. दोन खंडांनी एकमेकांना आपापले साधे रहिवासी पाठवले आणि दोन्हीकडे ते गुंड झाले.

या गुंडांना काढायचं शास्त्र आहे. घाणेरी वरून कापली तर दुप्पट जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू यांनी सुचवलेली पद्धत अशी, की खोडाखालचं मुख्य मूळ जमिनीच्या जरा खाली, जिथून नवे कोंब फुटतात त्या जागेच्याही खाली तोडायचं, आणि सगळं झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे मुळांना माती लागत नाही. पण काम तिथे संपत नाही. बुलबुलाला घाणेरीची काळी फळं आवडतात. तो जिथे बसतो तिथे बी पडतं. म्हणून मोठ्या झाडांखाली पुढची दोन-तीन वर्षं रोपं उपटत फिरावं लागतं. तरोट्याचं वेळापत्रक वेगळं. पहिल्या पावसात त्याची कोवळी पानं आपण भाजी करून खातो, पण चितळ-सांबर त्याला तोंड लावत नाहीत, आणि पावसाळ्याअखेर माळच्या माळ तो व्यापतो. फुलून शेंग धरायच्या आत उपटला तर उपयोग. शेंग वाळल्यावर उपटला, तर उपटताना आपणच बी पेरतो. बिलं वेळेवर मंजूर झाली नाहीत की नेमका हाच पंधरवडा हुकतो; पुढच्या वर्षी मग दुप्पट तरोटा.

तण काढल्यावर मागे गवत यावं लागतं. मारवेल, पवन्या, कुसळी: ही इकडची ओळखीची गवतं. मेळघाट-ताडोबात कुरणं उभी करताना गवत-अभ्यासक गजानन मुरतकर यांनी वनकर्मचाऱ्यांना गवतं ओळखायला शिकवलं, त्याचं मोल मला फार वाटतं. कारण नुसतं ‘गवत आहे’ असं लिहून भागत नाही. कुसळी कोवळी असताना चारा आहे. बी धरल्यावर तिचं कुसळ चितळाच्या तोंडाला टोचतं आणि आपल्या पायजम्यात घुसतं. त्या कुसळाला पीळ असतो. हवेतल्या ओलाव्याने तो उलगडतो, कोरड्याने वळतो, आणि असं उलटसुलट फिरत बी स्वतःला जमिनीत स्क्रूसारखं रुतवतं. हे एकदा कळलं की पायजम्यातली कुसळं काढताना राग थोडा कमी येतो.

गवताचा इथला इतिहासही विसरण्यासारखा नाही. शेजारच्या वणीत १८८० साली जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ राखीव जंगलातलं गवत विनापरवाना कापून जंगल सत्याग्रह सुरू केला. गांधीजींनी मीठ उचललं. विदर्भाला समुद्र नव्हता, म्हणून विदर्भाने गवत कापलं. त्या दिवशी गवताच्या दुसऱ्या बाजूला, सरकारच्या वतीने, नाकेदारच उभा असणार. आज त्याच खात्यातली पोरगी तण उपटून गवत वाढवते, ते गवत चितळ खातो, चितळ वाघ खातो, आणि गावातला गुराखी विचारतो की आमच्या गुरांनी काय खायचं. हा प्रश्न १९३० चाच आहे. तिच्याकडे त्याचं सरळ उत्तर नाही. कधी कापून नेण्याची परवानगी असते, कधी नसते, आणि सांगायला मात्र तिलाच जावं लागतं.

आता मोजणी. जनगणनेला शिक्षक जातात तशी व्याघ्रगणनेला ती जाते. २००६ पासून दर चार वर्षांनी देशभर एकाच पद्धतीने ही गणना होते. आपल्याला पेपरात शेवटचा आकडा दिसतो: २०१८ मध्ये देशात २९६७ वाघ, २०२२ मध्ये सरासरी अंदाज ३६८२, महाराष्ट्रात ३१२ चे ४४४. त्या आकड्याचं पहिलं टोक बीटावर असतं. प्रत्येक बीटात पाच-पाच किलोमीटरच्या वाटा चालून मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा नोंदवायच्या: ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे. मग दोन किलोमीटरची एक सरळ रेषा, ट्रान्सेक्ट लाइन. ती रेषा सकाळी चालायची आणि चितळ, सांबर, रोही (नीलगाय), रानडुक्कर जे दिसेल ते लिहायचं: किती, होकायंत्राने कुठल्या कोनात, रेंजफाइंडरने किती मीटरवर. कोन आणि अंतर कशाला, तर रेषेपासून जनावर जितकं दूर तितकं ते दिसण्याची शक्यता कमी. किती अंतरावरची किती जनावरं दिसली याचा हिशेब जमला, की न दिसलेली किती असतील याचा अंदाज बांधता येतो. दोन किलोमीटर चालून सगळ्या जंगलातले चितळ मोजण्याची ही गणिती हुशारी आहे. ती चालते एका अटीवर: रेषा सरळ चालली पाहिजे. काटे आले म्हणून वळसा घातला, चांगली पाऊलवाट दिसली म्हणून तिकडून गेलं, की गणित बिघडतं.

रेषेवर ठरलेल्या अंतरावर थांबून झाडं-झुडपं मोजायची आणि लहानशा पट्ट्यात लेंड्या बघायच्या. लेंड्यांवरून बरंच कळतं. चौशिंगा एकाच ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा जातो, त्यामुळे लेंड्यांचा ढीग साचतो. रोहीलाही ती सवय आहे, पण आकार मोठा. अस्वलाच्या विष्ठेत बोरांच्या बिया सापडतात, मोहाच्या दिवसांत मोहफुलं. ज्या गोष्टीकडे आपण नाक मुरडून बघतो तिच्यावर ती पेनने खूण करून मापटेप लावते.

या सगळ्यात सगळ्यात अवघड नोंद कुठली? माझ्या मते शून्याची. तीन दिवस पहाटे उठून रेषा चालली आणि एकही सांबर दिसलं नाही, तर ‘सांबर: ०’ असं लिहायला धीर लागतो. वरचे साहेब काय म्हणतील? बीटाचं काम बरोबर नाही असं तर नाही वाटणार? वाघ मोजायची जुनी पद्धत ठशांवर होती: ठशावर काच ठेवून त्याची आकृती काढायची, प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा करायचा, आणि ठशांवरून वाघ ओळखायचा. ओडिशाचे सरोजराज चौधरी यांनी ती बसवली होती, आणि त्या काळात त्यामुळे खात्याला पायी फिरायची सवय लागली हेही खरं. पण एकाच वाघाचा ठसा चिखलात वेगळा आणि धुळीत वेगळा उमटतो. राजस्थानात सरिस्कामध्ये कागदावर वाघ होते. २००५ मध्ये कळलं की जंगलात एकही उरलेला नाही. कुठल्या तरी बीटावर, कुठल्या तरी वर्षी, कुणी तरी शून्य लिहायचं टाळलं होतं. एक नव्हे, बऱ्याच जणांनी. त्यानंतर कॅमेरा ट्रॅप आले. वाघाचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येकाचे निराळे, त्यामुळे फोटोवरून वाघ नक्की ओळखता येतो. कॅमेरे कुठल्या वाटेवर बांधायचे, हे मात्र अजूनही जिने ती वाट तुडवली आहे तिलाच विचारावं लागतं.

हे चालणं निर्धोक नाही. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबाच्या कोलारा परिक्षेत्रात स्वाती ढुमणे ही वनरक्षक तीन मजुरांसह गणनेच्या खुणा नोंदवत चालली होती. वाटेवर वाघीण बसलेली दिसली. ते थांबले, वाट बघितली, मग वळसा घालून जायचं ठरवलं. वाघीण मागून आली आणि तिने स्वातीला ओढून नेलं. हातात शस्त्र नव्हतं, नोंदीचे कागद होते. त्यानंतर ताडोबातलं पायी सर्वेक्षण काही काळ थांबवलं गेलं. विदर्भातल्या प्रत्येक वनरक्षकाच्या घरी ही गोष्ट माहीत आहे, आणि रेषा चालायला निघणाऱ्या मुलीची आई ती बोलून दाखवत नाही.

मारेगावच्या आसपास वाघाची बाजू आहे, आणि गावाचीही: २०१८ च्या २ नोव्हेंबरला बोराटीच्या जंगलात गोळी घातलेली टी-१, म्हणजे अवनी वाघीण, ही याच टापूतली. तिच्या नावावर तेरा माणसांचे बळी लावले होते. देशभर वाद झाला, मोर्चे निघाले, न्यायालयात प्रकरण गेलं. त्या काळात संध्याकाळी शेतातून बायांना घरापर्यंत सोडायला कोण गेलं, याची बातमी झाली नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये झरी जामणी तालुक्यात, मुकुटबन परिक्षेत्रात, मांगुर्ल्याच्या जंगलात गाभण वाघीण मेलेली सापडली. पंजे कापून नेले होते. त्याच मुलखातून २०१९ च्या जूनमध्ये टिपेश्वरचा एक तरुण नर वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला, तेलंगणात शिरला, परत आला, नांदेड-हिंगोलीकडून हिंडत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. साधारण १३०० किलोमीटर. पुढेही फिरत राहिला आणि एकूण अंतर ३००० किलोमीटरच्या वर गेलं. त्याला ‘वॉकर’ म्हणायला लागले. इतक्या शेतांतून, गावांजवळून तो गेला आणि फार थोड्यांना दिसला, यावरून उभ्या तुरीत किती जागा असते ते कळावं.

गावात मात्र वाघाचा विषय तिने काढला की लोक म्हणतात, ‘वाघाचं सोडा मॅडम, डुकराचं बोला.’ रानडुकरांनी एका रात्रीत उलथवलेलं पीक, रोह्यांनी शेंडे खुडलेली तूर: याचे पंचनामे हे तिच्या कामातलं सगळ्यात जास्त शिव्या खाणारं काम. शेतकरी सांगतो सगळं गेलं. तिला क्षेत्र मोजायचं असतं, नुकसानीचा अंदाज लिहायचा असतो, फोटो काढायचे असतात. भरपाई उशिरा आली तर दोष तिचा. आणि भरपाई आलीच नाही, तर एखादा शेतकरी कुंपणाच्या तारेत वीज सोडतो. डुकरासाठी सोडलेल्या त्या तारेला वाघ लागतो, बिबट लागतो, पहाटे शेतात आलेला शेजारीही लागतो. तारेच्या फासाचंही तेच. टिपेश्वरात २०२५ मध्ये गळ्यात फास रुतलेल्या वाघिणीला बेशुद्ध करून तो काढावा लागला. म्हणून रात्रीच्या गस्तीला अर्धी नजर जंगलात आणि अर्धी विजेच्या खांबावर ठेवावी लागते: आकडा टाकलेला दिसतो का, खांबाखालून शेतात जाणारी वायर आहे का. पाणवठ्याभोवतीच्या वाटांवर काठीने पाला सरकवत फास शोधणं हाही सकाळचा एक तास. फास सापडला की काढायचा, जागा लिहायची, पीओआर, म्हणजे प्राथमिक गुन्हा अहवाल, फाडायचा.

बीटाबाहेरचं कोण बघतं? वर्धा नदीपलीकडे वरोरा-भद्रावतीच्या माळांवर आता-आतापर्यंत माळढोक दिसत असे. राजस्थानातल्या ३१६२ चौरस किलोमीटरच्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात ज्याच्यासाठी तारांना रंगीत खुणा लावतात आणि अंडी उबवून पिल्लं वाढवतात, तोच हा पक्षी. इकडे त्याला उजाड माळ आणि ज्वारी-हरभऱ्याची शेतं पुरत होती. तो गेला तेव्हा कुणाच्या बीटात गेला, हे सांगणं कठीण आहे, कारण माळ हे कुणाचंच बीट नव्हतं.

पंधरा जूनला आगीचा हंगाम कागदावर संपतो. मृगाच्या सरी आल्या असतील तर खरोखरही. टँकर आणि सौर पंपावरचे पाणवठे आता विसरले जातात, नाले वाहायला लागतात, जनावरं पांगतात, आणि ठसे सगळीकडे उमटतात म्हणून कुठेच शोधता येत नाहीत. दैनंदिनीत या दिवसांच्या नोंदी आखूड होतात. रोपं आली, खड्डे भरले, तरोटा उगवला.

काही वर्षांनी तिची बदली होते. निरोपाच्या दिवशी कागदपत्रं, कॅमेरे, रेंजफाइंडर, हातोडा यांची यादी करून सह्या होतात. नवा मुलगा येतो. चिखलदऱ्याला सहा महिने प्रशिक्षण घेतलेला, नवे बूट घातलेला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो बीट बघायला निघतो. पुढे वनमजूर चालतो, साठीला टेकलेला, खांद्यावर दुपट्टा, हातात काठी. एका मोहापाशी थांबून तो झाड कुणाचं ते सांगतो. पुढच्या वळणावर, ‘इथून रेषा सरळ जाते, पण गडी वळसा घालतात,’ एवढं सांगून काट्यांत शिरतो. पाणवठ्याला पोचल्यावर नवा मुलगा ओल्या मातीत वाकतो. म्हातारा काठी टेकवून उकिडवा बसतो आणि पाण्याकडे बघत म्हणतो, ‘निवळ्या हायेत. लिहून घ्या, साहेब.’